मोटारीचा दम आणि उस्तादांवरचा आळ

माझ्या उस्तादांना भर पेठेत चोर म्हटलं, त्याला आता किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. म्हणणारा गेला, उस्तादही गेले. तरी ती गोष्ट निघाली की माझं डोकं फिरतं, आणि घरातली पोरं म्हणतात, "आजोबा, सोडा की आता." कसं सोडू? मी तिथं उभा होतो.

महाराजांच्या राज्यातली गोष्ट आहे. कोल्हापुरात तेव्हा मोटारी इतक्या थोड्या, की नुसत्या भोंग्यावरून माणसं ओळखायची: ही वाड्यावरची, ही डॉक्टरांची, ही गुळवाल्याची. गुळवाल्याची म्हणजे आमची. आमची कसली, मालकांची. पण चालवणारा मी, धुणारा मी, इंजिन सुरू करायचं हँडल उलटं बसून मनगट सुजवून घेणारा मी, म्हणून आमची. मालक शाहूपुरीत गुळाची अडत चालवायचे. माणूस वाईट नव्हता, पण कानाचा हलका. कुणी काही सांगावं आणि यांनी ते खरं मानावं. मोटार त्यांनी एका गोऱ्या साहेबाकडून जुनी घेतली होती. मालकांच्या वडिलांना छातीचा त्रास होता, म्हणून त्यांना पन्हाळ्यावर चांगल्या हवेत ठेवलेलं. त्यांना भेटायला मालक आठवड्यातून एखाददुसरी खेप करायचे, आणि पन्हाळ्याचा चढ मोटार जुनी असूनही विनातक्रार चढायची. त्याचं सगळं श्रेय उस्तादांचं.

उस्ताद मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरातले. आजे-पणजे बंदुका दुरुस्त करायचे, वडील कुलपं आणि घड्याळं, आणि हे मोटारी. मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत, आणि तोंड असं की एक शिवी हासडल्याशिवाय पाना हातात धरायचे नाहीत. अंगात भरपूर गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटायची नाही. "कोल्हापुरात मोटारीचा डाक्टर एकच, बाकी समदे कंपौंडर," असं ते तोंडावर सांगायचे. माझे वडील पेठेतल्या गुळाच्या बैलगाड्या हाकायचे. मीही तेच करणार होतो. मला बैलांमागनं उचलून चाकामागं बसवलं ते उस्तादांनी. शिकवताना पाठीत धपाटे घातले, पण शिकवलं सगळं, हातचं राखून काही ठेवलं नाही.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी उस्तादांनी मोटारीचा मॅग्नेटो काढला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र. तो धड नसेल तर मोटार म्हणजे नुसता लोखंडाचा गाडा. त्यांनी तो घरी नेला, खोलून साफ केला आणि परत आणून बसवला. मोटार अशी गोड चालायला लागली की मालक स्वतः म्हणाले, "म्हाताऱ्याच्या हातात जादू हाय लेका."

मग आली खंडेनवमी. ज्याच्यावर आपलं पोट, ते हत्यार त्या दिवशी पुजायचं. आमच्या घरी बैलगाडीचं जू आणि कुऱ्हाड पुजली जायची. त्या वर्षी आई म्हणाली, "तुझं हत्यार आता मोटार. मी येती पूजा कराय." खरं तर तिला मोटारीचं भारी भ्या. "बैलाला डोळं असत्यात, त्यो खड्डा बघून पाय टाकतोय. हिला काय कळतंय?" असं म्हणायची. मी घाटात गेलो की परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणून ती आली ती नुसती रीत म्हणून नव्हे, लेकाचा जीव सांभाळ म्हणून मोटारीला सांगायला आली. भोंग्याला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्या मोटारीची पेट्रोलची टाकी काचेच्या पुढं, बरोबर मधोमध होती, आणि तिच्यावर चकचकीत पितळी टोपण. आईनं मोटारीकडं समोरून नीट बघितलं, हे हिचं कपाळ असं स्वतःच ठरवलं, आणि तेलात कालवलेला शेंदूर त्या टोपणावर बोटानं चांगला जाड थापला. मग मोटारीला हात जोडून काहीतरी पुटपुटली. मी हसलो, तर माझ्यावर डोळे वटारले.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि मालकांना घेऊन मी पन्हाळ्याला निघालो. पंचगंगेच्या पुलावरनं गेलो, केर्ली मागं टाकली, तोवर सगळं ठीक. वाघबिळाचा चढ लागला आणि मोटारीचं काहीतरी बिनसलं. रेस द्यावी तर पुढं जायच्या ऐवजी कुणीतरी मागनं धरल्यासारखी व्हायची. इंजिन आधी घोगरं झालं, मग खोकलं, मग गप. मालक म्हणाले, "काय झालं रे?" मी म्हटलं, "दम लागला वाटतं." चाकांमागं दगड लावले, टाकीत काडी घालून बघितलं, पेट्रोल भरपूर. बॉनेट उघडून इकडंतिकडं हात फिरवला, हँडल मारलं, आणि बाईसाहेब सुरू! फर्लांगभर गेली आणि परत तेच. असं करत करत वर पोचलो तोवर मालकांच्या शिव्या संपल्या होत्या आणि ते नुसते सुस्कारे टाकत होते.

दुसऱ्याच दिवशी उस्ताद आले. "चढावर दम तोडती? बघूया," म्हणाले, आणि बाह्या सारल्या. आधी मला विचारलं, गाडी थांबताना इंजिन बोंबलतं का? क्लच घसरत असला तर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी हलत नाही. तसं नव्हतं, इथं इंजिनच मरत होतं. ब्रेक चिकटलेत का म्हणून चाकं उचलून हातानं फिरवली, तर भिंगरीसारखी फिरली. प्लग काढून घासले. कार्बुरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, तो फुंकला. पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून परत भरलं. टाकीपासनं येणारी तांब्याची नळी सोडवून तोंडानं फुंकली, तर वारा आरपार. मागचं धुराडं काजळीनं भरलंय का म्हणून तेसुद्धा उतरवलं. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही असं मी समजायचो, आणि त्यांचीही तीच समजूत.

टाकीचं टोपण मात्र ते स्वतः उघडायचे नाहीत. "तूच काढ बाबा. तुझ्या आईनं पूजा केलीया, माझं हात तेलकट." मीसुद्धा ते कडेनं धरायचो, शेंदराला बोट लागू द्यायचो नाही. देवाचं आहे, जाईल तेव्हा आपोआप जाईल. टोपण काढायचं, बाजूला नीट ठेवायचं, काम झालं की परत लावायचं.

पेठेत मोटार झकास चालायची. उस्ताद शेजारी बसून रंकाळ्यापर्यंत फेरी मारून यायचे, काही नाही. पन्हाळ्याला गेलं की मात्र वाघबीळ आलं रे आलं, हिचा दम कोंडलाच. मालकांनी एकदा तर अर्ध्या वाटेत उतरून वरनं येणाऱ्या एका बैलगाडीला हात केला. मोटारीच्या मालकानं बैलगाडीत बसून कोल्हापुरात यायचं! आख्ख्या पेठेत त्याची चेष्टा झाली. त्या चेष्टेतच कुणा व्यापाऱ्यानं त्यांच्या कानाला लागून सांगितलं, "मिस्त्रीनं मॅग्नेटो घरी नेलता न्हवं? मग मोटार त्येच्यानंतरच कशी बिघडली?"

झालं. कानाच्या हलक्या माणसाला एवढं पुरे.

उस्ताद त्या दिवशी सकाळी पेढीसमोर मोटारीवर वाकलेले होते. रस्त्यावर बैलगाड्यांची रांग, हमाल, तोलाईवाले, शेतकरी पावणे, सगळी पेठ गजबजलेली. मालक पायऱ्या उतरून आले ते ओरडतच.

"माझा विलायती मॅग्नेटो कुठं हाय?"

उस्तादांना आधी कळलंच नाही. "ह्यो काय, जाग्यावर हाय की."

"ह्यो न्हवं! माझा! चांगला काढून घरात ठेवलास आनि भंगार आणून बसवलंस. म्हणून मोटार चढ चढंना. चोर हाईस तू, चोर!"

तोलाईवाल्यांनी तराजू सोडून माना वळवल्या. उस्तादांच्या निम्म्या वयाचा माणूस त्यांना अरेतुरे करत होता, आणि ते पाना हातात धरून तसेच उभे. शिव्यांचं कोठार असलेल्या त्या तोंडातून एकही शिवी बाहेर पडली नाही. मग म्हणाले, "माझं घर उघडं हाय. पेठ घेऊन चला, समदं बघा. आनि न्हाय घावलं तर शब्द मागं घ्या." मालकांनी नुसतं तोंड फिरवलं. मी मध्ये पडलो, "मालक, उस्ताद असलं करणार न्हाईत," तर माझ्यावरच उसळले, "तू गप बस! तू बी त्यात सामील असशील." उस्तादांनी हत्यारं गोळा केली, फडक्यात बांधली आणि गर्दीतनं चालत गेले. माणसांनी त्यांना वाट करून दिली, पण एकानंही तोंड उघडलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; इथं तर चोरीच झालेली नव्हती.

त्यानंतर उस्तादांकडं मोटारी येईनाशा झाल्या. जो तो आपली गाडी दुसरीकडं न्यायला लागला. उगाच कशाला विषाची परीक्षा, असा विचार. मी जायचो तेव्हा ते बंद शेडमध्ये बसलेले असायचे. चहासुद्धा विचारायचे नाहीत, आधी मोटारीचं विचारायचे.

"अजून तसंच?"

"तसंच."

"चढावरच? सपाटीला न्हाय?"

"सपाटीला कायबी न्हाय."

"म्हंजी पेट्रोल पोचत न्हाय. चढाला जास्त मागती आनि मिळत न्हाय. पर अडतंय कुठं? नळी साफ, जेट साफ, टाकी साफ." आणि मग कपाळावर हात मारून घ्यायचे. पुढं पुढं तेही विचारेनासे झाले. एक दिवस म्हणाले, "दिवाळीनंतर मिरजेला जातो. लेक हाय तितं. हितं आता तोंड दाखवायला जागा न्हाय." पिढ्यान्‌पिढ्यांचं कोल्हापूर सोडून हा माणूस लेकीच्या दारात जाऊन बसणार, तेही चोर म्हणवून घेऊन! मला इतका संताप आला की मी घरी येऊन जेवलो नाही. बिघाड सापडला तरच हे थांबणार होतं, आणि तो शोधायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मालकांनी मोटारीतनं पन्हाळ्याला जाणं सोडलं, पण वडिलांना लागणारं सामान पोचवायला मला पाठवायचे. अशाच एका दुपारी एकटा निघालो. वाघबिळाच्या चढावर मोटारीनं मान टाकली. एरवी मालक बरोबर असले की आधी त्यांचं ऐकून घ्यायचं, मग दगड शोधायचे, मग काडी घेऊन टाकी बघायची. त्या दिवशी कुणी नव्हतं आणि माझं टाळकं सरकलेलं. हातब्रेक ओढला, खाली उडी टाकली आणि "तुझ्या आयला, दावच आता काय खाल्लंयस ते," म्हणत टोपण फिरवलं.

स्सूंऽऽ.

टाकीनं श्वास घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. पाण्यात बुडालेला माणूस वर येऊन जसा हवा ओढतो तशी टाकीनं हवा ओढली. मी टोपण हातात धरून खुळ्यासारखा उभा. परत घट्ट लावलं, मोटार सुरू केली, चढावर घातली. थोड्या वेळानं गुदमरली, तशी लगेच उडी मारून टोपण फिरवलं. परत स्सूं. मग टोपण नुसतं वर टेकवलं, फिरवलंच नाही, आणि निघालो. मोटार वाघबीळ चढली, पुढचं वळण चढली, पन्हाळ्याच्या दरवाज्यातून आत गेली. एकदासुद्धा खोकली नाही.

वर जाऊन टोपण उन्हाकडं धरलं. त्या टोपणाला मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला पाहिजे, नाहीतर पेट्रोल यायचं थांबतं. सपाटीला मोटार थोडंच पिते, तेवढी हवा टोपणाच्या कडेच्या फटीतनं कशीबशी शिरते. चढाला घटाघटा प्यायला लागली की टाकीचा दम कोंडतो. आणि आम्ही दर वेळी काय करायचो? पेट्रोल बघायला टोपण उघडायचो, पण इतक्या उशिरा की तोवर फटीतनं थोडी हवा शिरून ते स्सूं ऐकूच यायचं नाही. टाकीला हवा मिळायची, मोटार सुरू व्हायची, आणि आम्हांला वाटायचं बॉनेटमध्ये हात फिरवला म्हणून सुरू झाली! उन्हाकडं धरलेल्या टोपणातून उजेड आला नाही. आतल्या बाजूनं बघितलं तर भोकात लाल, वाळून घट्ट झालेला शेंदूर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हसू यायला पाहिजे होतं, पण मला रडू फुटलं. आख्खी मोटार खोलणाऱ्या माणसानं एवढी एकच जागा सोडली होती, आणि ती का सोडली, तर माझ्या आईच्या पूजेला आपला तेलकट हात लागू नये म्हणून.

शेंदूर काढला नाही, मालकांना दाखवायचा होता. पण आधी घरी गेलो. आई चुलीपुढं होती. मी टोपण तिच्यापुढं आपटलं आणि नको नको ते बोललो. आई भडकली. "देवाच्या शेंदरानं मोटार बंद पडती? जीभ झडंल तुझी!" मी ओरडतोय, ती ओरडतीय, वडील कोपऱ्यातनं "अरे काय झालं" म्हणतायत. शेवटी मी घासलेटचा डबा ओढला. त्याला वर दोन भोकं होती. एका भोकावर अंगठा दाबला आणि डबा तिरका केला. घासलेट एक धार आलं आणि थांबलं. अंगठा काढला, भळाभळा आलं. परत दाबला, थांबलं.

आई बघत राहिली. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नवा डबा आला की खिळ्यानं दुसरं भोक तीच पाडायची.

"म्हंजी मी हिचं दुसरं भोक बुजवलं व्हय?"

"व्हय."

"आनि त्या मिस्तरीला चोर म्हणलं ते ह्यापायी?"

"व्हय."

तिचा चेहरा असा उतरला की माझा राग कुठल्या कुठं गेला. पण ती रडली नाही. म्हणाली, "मग हितं काय बसलाईस? जा की मालकाकडं."

मालकांना पेढीवर गाठलं. टोपण दाखवलं, बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं केलं, त्यांना मोटारीत घालून वाघबिळापर्यंत नेऊन आणलं. मालक पोट धरून हसले. "आयला, तुझ्या आईनं मोटारीचं नाक दाबलं व्हय! आनि आम्ही सगळं गाव धुंडाळतोय!" मी थांबलो. हसणं ओसरल्यावर म्हटलं, "मालक, उस्तादांचं?"

"त्याचं काय? ये म्हणावं कामाला. झालं गेलं गंगेला मिळालं."

मी उस्तादांकडं पळतच गेलो. शेंदूर ऐकताच त्यांनी टोपण माझ्या हातातनं हिसकावून घेतलं, डोळ्यापाशी नेलं आणि मांडीवर थाप मारून हसले. आळ आल्यापासनं पहिल्यांदा हसले. "समदं बघितलं रे, तेवढंच बघितलं न्हाय!" मग टोपण माझ्या हातात परत दिलं.

"मालक काय म्हणलं?"

मी सांगितलं.

"कुठं म्हणलं?"

"पेढीत."

"कोण होतं?"

"मी होतो."

"आनि चोर कुठं म्हणलं?"

मी मान खाली घातली. "पेठेत."

"मग?" उस्ताद म्हणाले. एवढंच म्हणाले आणि पेटीत हत्यारं भरायला लागले. मिरजेला न्यायची होती.

मी परत मालकांकडं गेलो. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. चार माणसांत एक शब्द बोला म्हटलं, म्हातारा गाव सोडतोय. मालक थक्क होऊन माझ्याकडं बघायला लागले. "मी? हमालांच्या देखत? त्या मिस्त्रीची माफी मागू? तुझं डोकं ठिकाणावर हाय का? उद्या बैलगाडीवाला बी मला माफी माग म्हणंल." पालथ्या घड्यावर पाणी. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आपल्या हातात होतं तेवढं केलं. आई भाकऱ्या थापत राहिली. मला वाटलं, तिलाही पटलं.

दिवाळीच्या पाडव्याला शाहूपुरीत नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा असतो. पेढ्यांना तोरणं, पहिल्या गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, हळदकुंकू, व्यापारी नवे फेटे बांधून गाद्यांवर, आणि गावोगावचे शेतकरी उभे राहायला जागा नाही इतके दाटलेले. मी मोटार पुसून पेढीसमोर उभी केली होती. सौदा पुकारणारा तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दीतनं आई आली. पदर खोचलेला. बाई माणूस त्या गर्दीत दुसरं कुणी नव्हतं. ती सरळ गुळाच्या रव्यांपाशी जाऊन उभी राहिली.

"ऐका रं बाबांनू! पावणं, तुमी बी ऐका!" तिचा आवाज मी घरात ऐकला होता, पण असा कधी नाही. "ह्याच जाग्यावर त्या मिस्तरीला चोर म्हणलं. समद्यांनी ऐकलंसा आनि गप बसलासा. त्यो चोर न्हाय! त्येनं कायबी चोरलं न्हाय! मोटारीच्या टोपणाचं भोक मी बुजवलं, माझ्या ह्या हातानं, शेंदूर लावून. मोटार माझ्यापायी बंद पडत हुती. मालकास्नी ठावं हाय. त्येंनी सांगितलं न्हाय, म्हणून मी सांगाय आलीया!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. लगेच कुणीतरी त्याला गप केलं. मालक गादीवरनं उठले होते, तोंड काळंठिक्कर. मुहूर्त मोडला होता. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "हिला बाहेर काढ. न्हायतर उद्यापासनं मोटारीला हात लावू नगंस."

मी आईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती, तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं. "एका मिस्तरीला चोर ठरवून तुमी दिवाळी करताय, गोड लागती काय तुमाला?" असं ती एका नव्या फेट्याला विचारत होती. मोटारीचं हँडल माझ्या हातातच होतं. ते मी मालकांच्या गादीवर नेऊन ठेवलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? घरी थकलेले वडील, आणि मला मोटारीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. पण आईचं बोलून होईपर्यंत मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

दिवस मावळताना उस्ताद आमच्या दारात आले. यापूर्वी ते कधी आमच्या घरी आले नव्हते. वडिलांनी घोंगडं अंथरलं, पण ते बसले नाहीत.

"अक्का," ते आईला म्हणाले, "पोराचं काम गेलं म्हणं माझ्यापायी."

"त्ये जाऊ द्या. काम मिळंल कुठंबी."

उस्ताद घुटमळले. "मी तितं नव्हतो. लोकं येऊन सांगून गेली, पर लोकं मीठमसाला लावत्यात. तुमी काय म्हणलासा, ते मला तुमच्या तोंडनं ऐकायचंय."

आई लाजली. पदर सारखा करत, खाली बघत, हळू आवाजात तिनं सांगितलं.

"एवढ्या हळू म्हणलासा?"

"न्हाय. वरडून म्हणलं."

"मग तसंच म्हणा की."

आईनं माझ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं. मग अंगणात जाऊन उभी राहिली आणि पदर खोचून म्हणाली. "त्यो चोर न्हाय!" गल्लीतली दारं उघडली, माणसं बाहेर आली. उस्ताद दाराची चौकट धरून, डोळे मिटून ऐकत होते, आणि पांढऱ्या मिशांवरनं पाणी ओघळत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

आई थांबली.

"आनि एकदा," उस्ताद म्हणाले.

आई परत पहिल्यापासनं सांगू लागली.